राज्य नसलेल्या संस्थेचा सशस्त्र पहारा

न्यूयॉर्क शहरात, ईस्ट नदीच्या पश्चिम तीरावर, सुमारे १८ एकरांचा एक भूखंड असा आहे की, तेथे अमेरिकेचे कायदे सामान्यतः लागू असले, तरी अमेरिकेचा कोणताही पोलीस अंमलदार आपले सरकारी काम बजावण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांच्या संमतीविना त्या आवारात पाऊल टाकू शकत नाही. संयुक्त राष्ट्रसंघ आणि अमेरिकेचे सरकार यांच्यात २६ जून १९४७ रोजी झालेल्या मुख्यालय कराराने ही व्यवस्था घालून दिली आणि त्या कराराच्या नवव्या कलमाने हे क्षेत्र अनुल्लंघनीय ठरविले. आपल्याकडे विधानभवनाच्या आवारात अध्यक्षांच्या अनुज्ञेविना कोणास अटक करता येत नाही, हे वाचकांस ठाऊक असेलच. परंतु विधिमंडळ हे शेवटी राज्याचेच एक अंग असते आणि त्याचे मार्शल ज्या कायद्याच्या आधारे उभे असतात, तोही त्याच राज्याचा कायदा असतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाठीशी असे कोणतेही राज्य नाही. तरीही त्याच्या दरवाजांवर कमरेला पिस्तूल लावलेले, निळ्या गणवेषातील अधिकारी रात्रंदिवस उभे असतात. या शस्त्रांस अधिकार कोठून प्राप्त होतो, त्यांच्यावर नजर कोणाची असते आणि त्यांतून सुटलेल्या गोळीचा जाब कोणी द्यावयाचा, हे प्रश्न वरकरणी एका खात्याच्या अंतर्गत कारभाराचे वाटले, तरी शस्त्र आणि कायदा यांच्या नात्याविषयी ते आपल्याला बरेच काही शिकवू शकतात.

कोणत्याही देशातील पोलिसाच्या हातातील शस्त्रामागे त्या देशाची सारी राज्यसंस्था उभी असते. गुन्हा कशाला म्हणावे हे सांगणारी दंडसंहिता, आरोपीचा न्याय करणारे न्यायालय, शिक्षा भोगावयास लावणारा तुरुंग आणि पोलिसानेच मर्यादा ओलांडली तर त्यालाही त्याच न्यायालयापुढे खेचण्याची सोय, अशी ही एक अखंड साखळी असते. संयुक्त राष्ट्रसंघापाशी यांपैकी काहीच नाही. आवारातील गुन्ह्यांसाठी त्याची स्वतःची दंडसंहिता नाही, फौजदारी न्यायालय नाही आणि त्याच्या आवारात कैद्यांचा तुरुंगही नाही. आवाराच्या आत लागू होतील असे नियम करण्याचा आणि ते मोडणाऱ्यास बाहेर काढण्याचा अखत्यार त्याला करारान्वये मिळाला आहे. परंतु अटकेपासून पळणाऱ्यांचे आश्रयस्थान म्हणून या आवाराचा उपयोग होऊ न देण्याचे बंधनही त्याच कराराने त्याच्यावर घातले आहे. सबब, आवारात कोणी गुन्हा केल्यास सुरक्षा अधिकाऱ्याने त्याला आवरावे, निःशस्त्र करावे आणि यजमान राष्ट्राच्या पोलिसांच्या स्वाधीन करावे, येथवरच त्याच्या कर्तव्याची हद्द पोचते. अशा मर्यादित अधिकाराच्या माणसाच्या हाती प्राण घेण्याचे साधन देताना, त्याच्यावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठाची जबाबदारी सामान्य पोलीस ठाण्यातील वरिष्ठापेक्षा अधिक जड होते, कारण पुढे चूक सावरणारी यंत्रणा दूर, दुसऱ्याच्या हद्दीत असते.

या पहाऱ्याचा इतिहास संघटनेच्या इतिहासाइतकाच जुना आहे. मॅनहॅटनमधील इमारत उभी राहण्यापूर्वी संघटनेचे दप्तर न्यूयॉर्कजवळील लेक सक्सेस येथे होते, आणि १९४८ साली पॅलेस्टाइनमधील युद्धविरामाच्या देखरेखीस मदत व्हावी म्हणून तेथील पहारेकऱ्यांपैकी सुमारे ५० जणांना तातडीने तिकडे रवाना करण्यात आले होते. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी संघटनेचे मध्यस्थ काउंट फोल्क बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये भर रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली. तत्पश्चात पहिले सरचिटणीस ट्रिग्वे ली यांनी संघटनेचे स्वतःचे, काहीशे माणसांचे रक्षक दल असावे, अशी योजना पुढे मांडली. कोणत्याही राष्ट्राच्या मालकीचे नसलेले सशस्त्र दल ही कल्पनाच अनेक सरकारांना संशयास्पद वाटली. सोव्हिएत गटाने तिला कडाडून विरोध केला, आणि अखेर १९४९च्या नोव्हेंबरात आमसभेने मान्यता दिली ती वाहतूक, दळणवळण आणि इमारतींची राखण अशी कामे करणाऱ्या, नित्य सशस्त्र नसलेल्या एका क्षेत्रसेवेला. राष्ट्रांच्या मनातील तो संशय निराधार नव्हता. ज्या शस्त्राचा धनी निश्चित नाही, त्याची भीती बाळगणे हे शहाणपणाचेच लक्षण होय. आणि पुढील काळात या संघटनेने सुरक्षेची जी शिस्त उभी केली, ती या संशयाला दिलेले एक दीर्घ उत्तर आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रसंगांनीही या शिस्तीची कसोटी वारंवार घेतली. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी, काँगोचे नेते पॅट्रिस लुमुंबा यांच्या हत्येच्या बातमीने क्षुब्ध झालेल्या निदर्शकांनी सुरक्षा परिषदेच्या प्रेक्षक-सज्जात गोंधळ माजविला, तेव्हा झालेल्या झटापटीत पहारेकरी जखमी झाले. परंतु तेथे कोणाचा प्राण गेला नाही. ११ डिसेंबर १९६४ रोजी क्युबाचे नेते चे गव्हेरा आमसभेत भाषण करीत असताना नदीच्या पलीकडील काठावरून इमारतीच्या दिशेने बझुकाचा गोळा डागला गेला. तो इमारतीपर्यंत न पोचता पाण्यात पडला, आणि त्याच दिवशी सुरा घेऊन आत शिरू पाहणाऱ्या एका स्त्रीला दाराशी अडविण्यात आले. ३ ऑक्टोबर २००२ रोजी एका माणसाने कुंपण ओलांडून आवारात प्रवेश केला आणि सचिवालयाच्या उंच इमारतीवर ७ गोळ्या झाडल्या. काही गोळ्या वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आत गेल्या, तरी सुदैवाने कोणास इजा झाली नाही. त्याला जिवंत पकडण्यात आले आणि पुढे अमेरिकी न्यायालयात त्याच्यावर खटला चालला. स्वतःच्या हाती शस्त्र असताना आणि समोरच्याने नुकताच गोळीबार केलेला असतानाही त्याला जिवंत ताब्यात घेणे, हे कोणत्याही सुरक्षा दलाने अभिमानाने सांगावे असे काम आहे. पराक्रमाची कथा म्हणून ते फारसे गाजत नाही. परंतु देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी हेच यश सर्वांत मोठे असते.

आता ही देखरेख प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. न्यूयॉर्कखेरीज जिनिव्हा, व्हिएन्ना, नैरोबी, अदिस अबाबा, बँकॉक, बैरुत आणि सान्तियागो येथील मोठ्या कार्यालयांतही संघटनेची स्वतःची सुरक्षा सेवा आहे. तिच्यात साधा सुरक्षा अधिकारी, त्यावर सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, इन्स्पेक्टर अशी हुद्द्यांची उतरंड असते. ही नावे लष्करी वा पोलिसी असली, तरी हे सर्व जण संघटनेचे नागरी नोकर असतात. एका पाळीचा ताबा ज्याच्याकडे असतो, त्या पर्यवेक्षकाचे काम दरवाजावरील पहाऱ्याच्या बरेच आधी सुरू होते. पाळीवर रुजू होणाऱ्यांची हजेरी घेताना तो केवळ संख्या मोजत नाही. कोणाचा चेहरा उतरलेला आहे, कोण रात्रभर जागलेला दिसतो, कोणाच्या बोलण्यात नेहमीचा तोल नाही, हेही त्याने टिपावयाचे असते, कारण मद्याच्या अमलाखाली असलेल्या, आजारी अथवा मनाने अस्वस्थ असलेल्या माणसाच्या हाती त्या दिवशी शस्त्र न देणे हा त्याचा केवळ अधिकार नव्हे, तर कर्तव्य असते. त्यानंतर शस्त्रागारातून शस्त्रांचे वाटप होते. प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक, दिलेल्या काडतुसांची संख्या, घेणाऱ्याची स्वाक्षरी आणि वेळ नोंदवहीत उतरते. शस्त्र भरणे आणि रिकामे करणे हे नेमून दिलेल्या सुरक्षित जागीच, नळी एका विशिष्ट पेटीकडे रोखून, देखरेखीखाली करावयाचे असते. आणि पाळी संपताना तितकीच काडतुसे परत आली की नाही, याची मोजणी झाल्याखेरीज हिशेब मिटत नाही. एक काडतूस कमी भरले, तर ते सापडेपर्यंत अथवा त्याचा खुलासा होईपर्यंत चौकशी चालू राहते.

शस्त्रवाटपानंतर पाळीची बैठक होते. आज कोणती परिषद आहे, कोणते शिष्टमंडळ कोणत्या दाराने येणार आहे, दारासमोर कोणाची निदर्शने होणार आहेत, कालच्या पाळीत कोणती संशयास्पद गोष्ट घडली, हे सारे पर्यवेक्षक सांगतो आणि मगच माणसे आपापल्या जागी तैनात होतात. प्रत्येक जागेसाठी लेखी स्थायी आदेश असतात: येथे कोणते ओळखपत्र चालते, कोणते वाहन कोठपर्यंत येऊ द्यावे, धोक्याची घंटा वाजल्यास कोणता दरवाजा बंद करावा आणि कोणता उघडा ठेवावा. कागदावरचे हे आदेश जागच्या माणसाच्या अंगवळणी पडले आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी पर्यवेक्षकाला पाळीभर फिरावे लागते. पहाऱ्याचा खरा शत्रू कंटाळा होय. शेकडो दिवस काही न घडता जातात, तपासणीचे हात यांत्रिक होतात, ओळखीच्या चेहऱ्याचे ओळखपत्र पाहावयाचे राहून जाते. आणि नेमक्या अशाच दिवशी प्रसंग ओढवतो. म्हणून वेळोवेळी जागा बदलणे, विश्रांती वेळेवर देणे, न सांगता तपासणी करणे आणि नोंदवहीतील रोजनामचा खरोखर वाचणे, ही कामे किरकोळ दिसली, तरी सारा बंदोबस्त त्यांच्यावरच तोललेला असतो.

शस्त्र केव्हा वापरावे, या प्रश्नाचे उत्तर संयुक्त राष्ट्रसंघाने जगभरच्या पोलिसांसाठी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९७९ साली आमसभेने कायदा-अंमलदारांची आचारसंहिता संमत केली आणि १९९० साली हवाना येथे भरलेल्या परिषदेने बळाच्या व अग्निशस्त्रांच्या वापराविषयी मूलतत्त्वे स्वीकारली. शक्य तेथे अहिंसक उपायांचा अवलंब प्रथम करावा. बळ वापरणे अपरिहार्य झालेच, तर ते धोक्याच्या प्रमाणात असावे. मृत्यूचा अथवा गंभीर इजेचा धोका तत्काळ उभा असल्याखेरीज माणसावर गोळी झाडू नये. झाडण्यापूर्वी आपली ओळख देऊन स्पष्ट इशारा द्यावा, फक्त त्यामुळे कोणाचा जीव अधिक धोक्यात येणार असेल तर तो वगळावा. आणि जखमी झालेल्यास, मग तो हल्लेखोर का असेना, विनाविलंब वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, हा त्यांचा आशय. परंतु या तत्त्वांतील आमच्या विषयाशी सर्वांत निगडित असलेले कलम २४वे आहे. हाताखालच्या माणसांनी बळाचा बेकायदा वापर केला, हे ज्या वरिष्ठाला ठाऊक होते किंवा ठाऊक असावयास हवे होते, आणि तरीही ज्याने तो रोखण्यासाठी आपल्या अधिकारातील सर्व उपाय योजले नाहीत, तो वरिष्ठ जबाबदार धरला जावा, असे ते सांगते. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब त्यामुळे पुरेशी ठरत नाही. माहीत करून घेणे हेच पर्यवेक्षकाचे काम असते. याउलट, उघडउघड बेकायदा हुकूम पाळण्यास नकार देण्याची वाजवी संधी असलेल्या कनिष्ठालाही ‘वरून हुकूम होता’ एवढे सांगून सुटता येत नाही, हेही तीच तत्त्वे बजावतात. दोन्ही दिशांनी घातलेल्या या बांधामुळे हुकमाची साखळी ही जबाबदारी झटकण्याची वाट न राहता जबाबदारी निश्चित करण्याचे साधन बनते.

गोळी सुटलीच, तर त्यानंतरची पहिली काही मिनिटे पर्यवेक्षकाच्या परीक्षेची असतात. जखमींना मदत, जागेचा ताबा, वापरलेले शस्त्र पुराव्यासाठी वेगळे ठेवणे, साक्षीदारांचे जाबजबाब स्वतंत्रपणे नोंदविले जातील अशी तजवीज, वरिष्ठांना आणि यजमान राष्ट्राच्या पोलिसांना वर्दी, आणि ज्याच्या हातून गोळी सुटली त्या अधिकाऱ्याला कामावरून दूर करून मानसिक आधार, ही सारी कामे त्याला शांत डोक्याने करावी लागतात. गोळी झाडणाऱ्याला अशा वेळी समुपदेशन मिळाले पाहिजे, असे हवानाची तत्त्वेही सांगतात. आता येथे विशेषाधिकाराचा प्रश्न उभा राहतो. १३ फेब्रुवारी १९४६च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये संघटनेच्या नोकरांना अधिकृत कामाच्या संदर्भात न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण आहे, आणि भारतानेही १९४७ साली स्वतंत्र कायदा करून हा करार आपल्या कायद्यात सामावून घेतला. परंतु हे संरक्षण नोकराच्या वैयक्तिक लाभासाठी दिलेले नाही. ते संघटनेच्या हितासाठी आहे, आणि त्यामुळे न्यायाच्या मार्गात अडथळा येत असेल व संघटनेच्या हितास बाध येत नसेल, तेथे ते काढून घेणे हा सरचिटणीसांचा अधिकार तर आहेच, शिवाय कर्तव्यही आहे, असे त्या कराराचे विसावे कलम स्पष्ट सांगते. अशा निर्णयाच्या वेळी सरचिटणीसांपुढे जो पुरावा येतो, तो त्या पाळीच्या पर्यवेक्षकाने जपलेल्या नोंदींवरच बहुतांशी उभा असतो.

या पहाऱ्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याची बहुराष्ट्रीय घडण. संघटनेच्या सनदेचे शंभरावे कलम सांगते की, कोणत्याही नोकराने कोणत्याही सरकारचा हुकूम घेऊ नये वा मागू नये. आणि पुढील कलम योग्यता व सचोटी यांना अग्रस्थान देऊन भौगोलिक विविधतेचीही काळजी घेण्यास सांगते. परिणामी एकाच पाळीत निरनिराळ्या देशांतील लष्करांतून आणि पोलीस दलांतून आलेली माणसे शेजारी शेजारी उभी असतात. कोणाच्या देशात जमावावर लाठी उगारणे नित्याचे असते, कोणाच्या देशात पोलीस पिस्तूलही बाळगत नाही. या सर्वांचे जुने संस्कार एका नव्या शिस्तीत एकत्र आणणे, इशारा देण्याची भाषा, हात उगारण्याची पायरी आणि शस्त्र बाहेर काढण्याची मर्यादा एकसारखी करणे, हे प्रशिक्षणाचे आणि त्याहून अधिक रोजच्या देखरेखीचे काम असते. त्यातच परराष्ट्रांच्या नेत्यांचे अंगरक्षक येतात. सप्टेंबर महिन्यात आमसभेच्या सर्वसाधारण चर्चेसाठी शंभराहून अधिक राष्ट्रांचे प्रमुख न्यूयॉर्कमध्ये जमतात, तेव्हा अमेरिकेची सिक्रेट सर्व्हिस, न्यूयॉर्कचे पोलीस आणि संघटनेची सुरक्षा सेवा यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. २०११च्या सप्टेंबरात तुर्कस्तानच्या पंतप्रधानांचे अंगरक्षक आणि संघटनेचे अधिकारी यांच्यात आमसभेच्या इमारतीतच धक्काबुक्की झाली आणि एका अधिकाऱ्याला इस्पितळात न्यावे लागले. अशा क्षणी दोन्ही बाजू शस्त्र चालविण्यात निष्णात असतात. प्रसंग हातांवर निभावला, याचे श्रेय शिस्तीलाच द्यावे लागते.

मुख्यालयापासून दूर, युद्धाने होरपळलेल्या प्रदेशांत ही शिस्त अधिक कठोर किंमत मागते. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादच्या कॅनॉल हॉटेलपाशी स्फोटकांनी भरलेल्या ट्रकचा स्फोट घडविण्यात आला आणि संघटनेचे विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण मृत्युमुखी पडले. फिनलंडचे माजी अध्यक्ष मार्टी आहतिसारी यांच्या नेतृत्वाखालील चौकशी समितीने संघटनेची सुरक्षा व्यवस्था मुळातच बिघडलेली असल्याचा निर्वाळा दिला, आणि त्या कठोर आत्मपरीक्षणातून २००५ सालापासून सुरक्षेचे विखुरलेले विभाग एकत्र आणणारे स्वतंत्र खाते अस्तित्वात आले. २८ ऑक्टोबर २००९ रोजी काबूलमधील एका अतिथिगृहावर पहाटे हल्ला झाला, तेव्हा अमेरिकेचे लुई मॅक्सवेल आणि घानाचे लॉरेन्स मेफुल या दोन सुरक्षा अधिकाऱ्यांनी हल्लेखोरांना थोपवून धरले आणि त्यामुळे त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना निसटण्यास अवधी मिळाला. दोघेही त्या दिवशी प्राणास मुकले. मॅक्सवेल यांना हल्लेखोरांची नव्हे, तर त्यांना न ओळखलेल्या अफगाण सुरक्षा दलाची गोळी लागली असावी, असे पुढे संघटनेच्या चौकशीतून निष्पन्न झाले. या वीराचे स्मरण करताना त्यातून मिळणारा धडाही ध्यानी घेतला पाहिजे: यजमान राष्ट्राच्या दलांशी आधीच ओळख, खुणा, संदेशांची वाट आणि एकत्र सराव ठरवून ठेवणे, हे देखरेखीचे बाहेरून न दिसणारे अंग शौर्याइतकेच जीवनमरणाचे असते. १ एप्रिल २०११ रोजी मझार-ए-शरीफ येथील कार्यालयावर चाल करून आलेल्या जमावाने ७ जणांचे प्राण घेतले, त्यांत ४ नेपाळी पहारेकरी होते. क्षुब्ध निदर्शक कोण आणि त्यांच्या आडून येणारा मारेकरी कोण, हे क्षणात ओळखण्याची जी असह्य निकड अशा माणसांवर येते, तिची कल्पना सुरक्षित घरात बसून करणेही कठीण आहे. ज्यांना तसा निर्णय घ्यावा लागणार आहे, त्यांना पुरेसे मनुष्यबळ, भक्कम भिंती आणि स्पष्ट आदेश न देता केवळ शूर राहण्यास सांगणे, हा अन्यायच होय.

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष सरळ आहे. राज्य नसलेली संस्था शस्त्र बाळगू शकते, परंतु त्या शस्त्राला न्याय्यता प्राप्त होते ती केवळ त्याच्या प्रत्येक हालचालीचा हिशेब ठेवणाऱ्या आणि त्या हिशेबाला स्वतः बांधील असणाऱ्या माणसांमुळे. हा निष्कर्ष आपल्या दारापर्यंतही येतो. आज आपल्या शहरांत बँका, सराफी पेढ्या, कारखाने आणि रोकड नेणाऱ्या गाड्या यांच्यापाशी खाजगी संस्थांचे बंदूकधारी पहारेकरी उभे असतात. २००५ सालच्या खाजगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाच्या कायद्याने अशा पहारेकऱ्यांवर पर्यवेक्षक नेमणे बंधनकारक केले आहे आणि त्या जागी लष्करात वा पोलिसांत किमान ३ वर्षे सेवा झालेल्यास प्राधान्य द्यावे, असेही सांगितले आहे. कायद्याने ओळखलेली ही गरज व्यवहारात किती पाळली जाते, हे पाहण्याचे काम सरकारइतकेच त्या संस्थांना पैसे मोजणाऱ्या आपलेही आहे. थोड्या वेतनात बारा-बारा तास उभ्या असलेल्या त्या माणसाच्या खांद्यावरील बंदूक त्याला कोणी दिली, ती चालविण्याचा सराव त्याने शेवटचा केव्हा केला आणि तिच्यातून काही विपरीत घडल्यास उत्तर कोण देणार, एवढे आपण आपल्या बँकेच्या, कारखान्याच्या अथवा गृहसंस्थेच्या व्यवस्थापकास अवश्य विचारावे, आणि समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर ती बंदूक तेथून हलविण्याचा आग्रह धरावा.